तागडीत गेलेला अडकित्ता

पनवेलचा आमचा जुना वाडा पाडायचं ठरलं तेव्हा घरातली भांडीकुंडी मीच मोडीत काढली. तांब्या-पितळेचा ढीग तागडीत पडला, किलोचा भाव ठरला. उभा जन्म बँकेत गेलेला. व्यवहार चोख झाला म्हणून खूषही झालो. त्या ढिगात पितळी मुठींचा आईचा अडकित्ता होता, हे महिनाभरानं ध्यानात आलं.

पुढे पुण्याला केळकर संग्रहालय पाहिलं. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास एकेक वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या राजाचं, आपल्या मुलाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. सुमारे २०,००० वस्तू! दिवे, दौती, कुलपं... आणि नाना घाटांचे अडकित्ते. तिथून माझा पाय निघेना.

तेव्हापासून सवड मिळाली की हार्बरची गाडी पकडतो, सँडहर्स्ट रोडला उतरतो आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर हिंडतो. चावीची घड्याळं, एनॅमलच्या पाट्या, ग्रामोफोनच्या तबकड्या. घासाघीस करावी, चहा प्यावा आणि रिकाम्या हातानं परतावं, यातही मोठी मौज आहे.

एकदा मात्र पितळी मुठींचा अडकित्ता हाती लागला. आईचा नव्हे, पण त्याच घाटाचा. दुकानदारानं सांगितलेला भाव मी मुकाट्यानं दिला. घरी येऊन सुपारी कातरून दाखवली, तेव्हा नातीनं विचारलं, ‘‘आजोबा, हा कोणाचा?’’

‘‘कोणाच्या तरी आईचा,’’ मी म्हटलं.