चिकटलेला प्रोसेसर कसा सोडवाल?

प्रयोगशाळेतील दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवून त्या दाबा. आता सरळ ओढून पाहा. सुटत नाहीत ना? पण एक दुसरीवरून सरकवा, लगेच सुटतील! असे का बरे? ओढताना फटीत बाहेरून हवा किंवा पाणी शिरावे लागते. सरकवताना थर नुसते घसरतात.

संगणकाचा प्रोसेसर आणि कूलर यांमध्येही उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर असतो. जुना झाला की तो घट्ट होतो. २०१६ साली आलेल्या एएम-४ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून धरणारी चौकट नाही. कूलर हिसकला, तर प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि त्याच्या १३३१ नाजूक पिनांपैकी काही वाकू शकतात.

म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवा. गोठलेले तूप उबेने सैल होते, तशी पेस्ट मऊ होईल. मग तो बंद करून प्लग काढा. कूलरची पकड सोडवा, त्याला डावीउजवीकडे हलकेच पिळा आणि सुटल्यावरच उचला.

तरीही प्रोसेसर चिकटून आलाच, तर पिनांना हात न लावता हेअर ड्रायरने किंचित ऊब द्या व पुन्हा पिळा. फटीत स्क्रू-ड्रायव्हर मात्र कधीही खुपसू नका!

२०२२ च्या एएम-५ मध्ये पिना सॉकेटमध्येच आहेत आणि प्रोसेसर धातूच्या चौकटीने दाबून धरलेला असतो.