द्राक्षाच्या थेंबापासून सूर्यापर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये वणी-दिंडोरी भागात द्राक्षांचा हंगाम जोरात असतो. सौदा ठरवायला आलेला व्यापारी बागेत शिरला की खिशातून वीतभर लांबीची एक नळी काढतो. घडातला एक मणी दाबून रसाचा थेंब नळीच्या टोकाच्या काचेवर टाकतो, झाकण लावतो, नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावतो आणि म्हणतो, "सतरा." बागाईतदार म्हणतो, "अठरा आहे, नीट बघा!" या एका आकड्यावर भाव खालीवर होतो.

गेल्या हंगामात आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी ही नळी दप्तरातून घेऊन आली. तिचे अब्बा फळांचे व्यापारी आहेत. उर्दूच्या तासाला तिने विचारले, "आपा, साखर डोळ्यांनी कशी काय दिसते?" मी भाषा शिकवणारी. मला उत्तर देता येईना. विज्ञानाच्या सरांना विचारले, थोडे वाचले, आणि मग मुलींबरोबर मीही शिकले.

या नळीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. पाण्यात ठेवलेली काठी वाकडी दिसते, कारण हवेतून पाण्यात जाताना प्रकाशाची दिशा बदलते. पाण्यात साखर विरघळलेली असेल तर प्रकाश आणखी वाकतो. नळीतून पाहिले की वर निळा आणि खाली पांढरा भाग दिसतो. दोन्हींमधली रेषा ज्या आकड्यावर येते, ती रसातली गोडी. साखर दिसत नाही, पण साखरेने प्रकाशाला किती वाकवले ते दिसते.

त्या मुलीला अब्बांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. "आधी पाण्याचा थेंब टाकायचा. रेषा शून्यावर आली तरच नळी खरी. आणि प्रत्येक वेळी काच पुसायची, नाहीतर आधीच्या मण्याची साखर पुढच्यात मिसळते." मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. कुरआनमधील 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह मापात लबाडी करणाऱ्यांना इशारा देऊनच सुरू होते. खरे माप द्यायचे तर आधी मापच तपासले पाहिजे.

प्रकाशाचे माप घेण्याचे हे काम आपल्यासाठी नवे नाही. बगदादमध्ये इब्न सह्ल यांनी इ.स. ९८४ च्या सुमारास आरसे आणि भिंगांवर ग्रंथ लिहिला. प्रकाश वाकण्याचा जो नियम आज शाळेत स्नेलच्या नावाने शिकवतात, तो भूमितीच्या रूपात त्या ग्रंथात आहे, स्नेलच्या सहाशे वर्षे आधी. त्यांच्यानंतर बसऱ्यात जन्मलेले आणि काहिऱ्यात राहिलेले इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाज़िर' हा सात भागांचा ग्रंथ रचला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी पुराव्यानिशी मांडले. अंधाऱ्या खोलीत लहानशा छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग त्यांनी केले. थोरामोठ्यांचे म्हणणेही तपासल्याशिवाय स्वीकारायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. टॉलेमीसारख्या नामांकित विद्वानाच्या ग्रंथांवरील शंकांचे त्यांनी वेगळे पुस्तकच लिहिले.

आता आपल्या काळात आणि आपल्याच राज्यात या. पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सूर्याचे फोटो काढणारी एक दुर्बीण याच संस्थेच्या नेतृत्वाखाली, इस्रो आणि देशातल्या इतर संस्थांच्या मदतीने तयार झाली. तिचे नाव सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप, थोडक्यात 'सूट'. डॉ. दुर्गेश त्रिपाठी आणि डॉ. ए. एन. रामप्रकाश हे त्या कामाचे प्रमुख. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'आदित्य-एल १' यान निघाले, त्यातल्या सात उपकरणांपैकी हे एक. ६ जानेवारी २०२४ ला यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. तिथून सूर्य मधे काही आड न येता सतत दिसतो.

एवढ्या लांब कशाला जायचे? ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टिपते. त्यातला बराचसा भाग हवेतला ओझोन वरच अडवतो. ही अल्लाहची मोठी रहमत, नाहीतर आपली कातडी भाजून निघाली असती. पण त्यामुळेच तो प्रकाश पाहायचा तर हवेच्या बाहेर जावे लागते.

सूर्याकडे थेट रोखलेल्या दुर्बिणीची पहिली अडचण म्हणजे ऊन. म्हणून तिच्या तोंडाशी अशी गाळणी बसवली आहे, जी उन्हाचा अगदी थोडा अंश आत सोडते. आत दोन चकत्यांवर निरनिराळे फिल्टर आहेत. ११ प्रकारच्या अतिनील प्रकाशात सूर्याच्या वातावरणाचे वेगवेगळे थर त्यांतून पाहता येतात. दुसरी अडचण स्वच्छतेची. डिंक, तेल, प्लास्टिक यांतून निघणारी डोळ्यांना न दिसणारी वाफ आरशावर बसली, तर अतिनील किरणांनी ती तिथेच काळवंडते आणि आरसा अधू होतो. अवकाशात जाऊन फडक्याने कोण पुसणार? म्हणून अशी उपकरणे धूळ गाळलेल्या बंद खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलेली माणसे जोडतात.

आणि शून्यावर आणण्याची गोष्ट इथेही आहेच. कॅमेऱ्यावर उजेड पडू न देता फोटो काढतात, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची चूक किती ते कळते. ठरावीक उजेडात तपासणी करण्यासाठी दुर्बिणीत लहान एलईडी दिवेही आहेत. आमच्या मुलीच्या पाण्याच्या थेंबाचे काम तिथे हे करतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. सूर्यावर मोठे स्फोट होतात, तेव्हा उपग्रह, रेडिओ आणि विजेचे जाळे धोक्यात येते. मार्च १९८९ मध्ये अशाच एका सौरवादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. २२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर असाच एक जोरदार स्फोट झाला, तो 'सूट'ने टिपला. स्फोट कसा सुरू होतो हे जेवढे कळेल, तेवढी आधी सावध होण्याची आशा वाढेल.

या संपूर्ण आदित्य मोहिमेच्या प्रकल्प संचालक कोण होत्या? निगार शाजी. तमिळनाडूतल्या सेंगोट्टई या लहान गावातल्या शेतकरी मुस्लिम घरातली मुलगी. गावातल्या सरकारी मुलींच्या शाळेत शिकली, तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि १९८७ मध्ये इस्रोत रुजू झाली. वर्गात मी त्यांचा फोटो दाखवला तेव्हा मुली बराच वेळ गप्प होत्या. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "आपा, त्यांच्या अब्बांनी त्यांना बाहेरगावी कसं पाठवलं?"

खरा प्रश्न हाच आहे. पालकसभेला त्या नळीवाल्या मुलीचे अब्बा आले होते. म्हणाले, "पोरगी हुशार आहे, मान्य. पण पुढे इंजिनिअरिंग म्हणजे नाशिक. चाळीसेक किलोमीटर रोजची एसटी, फी, लोकांचं बोलणं. दहावी झाली की बघू." त्यांची काळजी खोटी नाही. मीही मुलीची आई आहे. पण 'बघू' म्हणता म्हणता प्रवेशाची तारीख निघून जाते, हे मी वीस वर्षे पाहते आहे.

म्हणून वाचक भावा-बहिणींना काही सांगावेसे वाटते. प्रकाशाची उपकरणे फक्त शास्त्रज्ञ बनवत नाहीत. इस्रोत दहावीनंतर आयटीआय केलेले तंत्रज्ञही भरती होतात. कारखान्यांच्या टूलरूममध्ये सुट्या भागाची सावली पडद्यावर मोठी करून माप तपासणारे प्रोफाइल प्रोजेक्टर असतात, त्यांवर काम करणारे हात लागतात. शिक्षणाच्या खर्चासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आयुका सर्वांसाठी खुली असते, मुलांना एकदा पुण्याला घेऊन जा. आणि 'मुलांना' म्हणते तेव्हा मुलीही त्यात आल्या.

मागच्या आठवड्यात त्या मुलीचे अब्बा बाजारात भेटले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "आपा, ती म्हणत होती, सूर्याच्या दुर्बिणीलाही आधी शून्यावर आणावं लागतं. खरं का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

ते थोडा वेळ पेट्या रचत राहिले. मग म्हणाले, "हे तर तिला आत्ताच येतं." आणि अकरावी सायन्सचा फॉर्म कधी निघतो, ते विचारले. दहावीला अजून एक वर्ष आहे. अल्लाह त्यांच्या इराद्यात बरकत देवो.