राष्ट्रगीताची संगीतरचना

राष्ट्राच्या वतीने समारंभप्रसंगी गाइल्या वा वाजविल्या जाणाऱ्या गीताची स्वर, लय व शब्द या दृष्टींनी केलेली बांधणी. मैफलीतील गीत शिक्षित कंठासाठी असते. राष्ट्रगीत मात्र मुले, सैनिक व वृद्ध यांनी एकत्र आणि पूर्वतयारीवाचून म्हणावयाचे असते. त्यामुळे त्याच्या गुणदोषांचे निकष वेगळे ठरतात.

पहिला निकष स्वरमर्यादेचा होय. सामान्य आवाज सुमारे एका सप्तकात सहज फिरतो. ब्रिटनच्या ‘गॉड सेव्ह द किंग’ची चाल त्याहूनही कमी पल्ल्यात आटोपते. याउलट, अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा पल्ला दीड सप्तकाचा आहे. ही चाल मूळची लंडनमधील एका हौशी संगीतमंडळाची असून ती जॉन स्टॅफर्ड स्मिथ याने अठराव्या शतकात रचली. फ्रान्सिस स्कॉट की याचे १८१४ मधील काव्य तिच्यावर बसविण्यात आले व १९३१ मध्ये त्यास अधिकृत मान्यता मिळाली. आरंभीचा स्वर पुरेसा खाली धरला नाही, तर त्यातील तारस्थानाशी अनेकांचा आवाज अडतो.

दुसरा निकष लयीचा. रूझे द लील याने १७९२ मध्ये स्ट्रॅस्बर्ग येथे रचलेल्या ‘ला मार्सेयेज’ची संचलनाची लय समूहास आपोआप एकत्र आणते. तथापि द्रुत लय अनिवार्य नव्हे. जपानचे ‘किमिगायो’ केवळ अकरा मात्राखंडांचे व संथ आहे. त्याची १८८० मधील चाल गागाकू या दरबारी संगीताच्या वळणाची असून तीस फ्रान्ट्स एकर्ट याने पाश्चात्त्य स्वरसंवादाची जोड दिली.

तिसरा निकष पृथगात्मतेचा. ठरावीक संचलनधुनींचे अनुकरण केल्याने अनेक राष्ट्रगीते एकमेकांसारखी वाटतात. लिख्टेनश्टाइनची चाल तर ब्रिटिश राष्ट्रगीताचीच आहे. हायडनने ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी १७९७ मध्ये रचलेली धुन मात्र शब्दांवाचूनही टिकली. त्याने ती आपल्या तंतुवाद्य-चतुष्टकात वापरली आणि आज ती जर्मनीचे राष्ट्रगीत आहे.

भारतात वाद्यवृंदानुकूलता हा वादाचा मुद्दा ठरला. भारतीय संगीत मुख्यतः एकस्वरी प्रवाहाचे, तर परदेशांतील समारंभांत राष्ट्रगीत वाजविणार पाश्चात्त्य धर्तीचे बँड. पं. जवाहरलाल नेहरू यांनी १९४८ मध्ये संविधान सभेत ‘जन गण मन’ वाद्यवृंदास अधिक अनुकूल असल्याचे मत मांडले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधून, तेही समूहाने गाता येते व बँडवर वाजविता येते, हे दाखविण्यासाठी परिश्रम घेतले. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले व ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला.

‘जन गण मन’ सुमारे ५२ सेकंदांत पूर्ण होते. त्यात बहुतेक ठिकाणी एका अक्षरास एक स्वर असल्याने उच्चार स्पष्ट राहतो. अखेरचा जयघोष प्रथम तारषड्जापासून पायरीपायरीने उतरतो, नंतर चढतो व षड्जावर न येता मध्यमावर थांबतो. त्यामुळे शेवटी विसाव्याऐवजी आवाहनाचा भाव उरतो.

राष्ट्रगीताविषयीचा आदर मुख्यतः इतिहासातून येतो, चालीतून नव्हे. परंतु चाल कंठास न पेलणारी असेल, तर नागरिक गायक न राहता श्रोता बनतो. सामुदायिक गीत या नात्याने राष्ट्रगीताचा हाच सर्वांत मोठा सांगीतिक दोष होय.