गदा एक, वजने अनेक

अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती होऊन मानाची गदा पृथ्वीराज मोहोळ यास मिळाली. त्याच अधिवेशनात लहान वजनांच्या गटांतही कुस्त्या झाल्या. परंतु हलगीचा नाद आणि लोकांचा जयजयकार जड मल्लांच्याच वाट्यास अधिक येतो. येथे सहज प्रश्न उद्भवतो, की जो सर्वांस चीत करू शकतो तोच सर्वांत श्रेष्ठ मल्ल म्हणावा काय?

या प्रश्नाचे मूळ शरीराच्या रचनेत आहे. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वजन मात्र घनफळावर. एखादा मनुष्य सर्व बाजूंनी दुप्पट मोठा कल्पिला, तर त्याचे बळ चौपट होईल, पण वजन आठपट. म्हणून झुंजीत थोरल्या देहाचा लाभ उघड असला, तरी वजनाच्या प्रमाणात पाहता धाकट्या देहाचे पारडे जड ठरते. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लू याने १९८८ साली सेऊल येथे ६० किलोंच्या गटात १९० किलो भार डोक्यावर उचलला; म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. तात्पर्य, नुसते बळ मोजले तर थोरल्याची सरशी होते आणि नुसते प्रमाण मोजले तर धाकट्याची. दोन्ही मापे एकांगीच होत.

धंदेवाईक मुष्टियुद्धात वजनाचे सतरा गट असल्यामुळे तेथील जाणकारांस हा प्रश्न फार दिवस छळीत आला आहे. सर्वांचे वजन सारखे असते तर कोण जिंकता, अशी कल्पना करून ते प्रतवारी लावितात. त्यासाठी तीन कसोट्या मानतात: हरविलेले प्रतिस्पर्धी कोणत्या तोलाचे होते, वरच्या गटात जाऊनही विजय टिकला काय, आणि तो किती वर्षे टिकला. या कसोट्यांवर अमेरिकेच्या शुगर रे रॉबिन्सन यास पुष्कळजण अग्रस्थान देतात. वेल्टरवेट गटात अजिंक्य ठरल्यावर त्याने वरच्या मिडलवेट गटाचे पद पाच वेळा मिळविले. परंतु १९५२ साली त्याहूनही वरच्या गटातील जोई मॅक्झिमशी झुंजताना, गुणांत पुढे असूनही, भयंकर उकाड्याने थकून त्यास माघार घ्यावी लागली. कौशल्यालाही देहाची मर्यादा असते, ती ही अशी. फिलिपाईन्सच्या मॅनी पॅक्विआव याने मात्र तब्बल आठ गटांत जगज्जेतेपदे मिळवून ही मर्यादा पुष्कळच लांबविली.

हीच कसोटी महाराष्ट्राच्या मल्लांस लाविली तर काय दिसते? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९४८ साली लंडनला ५२ किलोंच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. पुढे ५७ किलोंच्या गटात जाऊन १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वरचा गट आणि जगातील निवडक मल्ल, या दोन्ही कसोट्या येथे पुऱ्या होतात. म्हणून पहिला मान त्यांचा. नरसिंग यादव याने २०११ पासून तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा राखिली आणि २०१५ साली ७४ किलोंच्या गटात जागतिक कांस्यपदक मिळविले. २०१६ सालच्या चार वर्षांच्या बंदीने त्याची कारकीर्द खंडित झाली, हेही हिशेबात धरावे लागते. बीडच्या राहुल आवारे याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्यपदक पटकाविले. पण ६१ किलोंचा गट ऑलिंपिकमध्ये नसल्याने तेथील चुरस किंचित कमी मानावी लागते. म्हणून नरसिंग दुसरा आणि राहुल तिसरा, असा क्रम न्याय्य ठरतो.

ही प्रतवारी केवळ करमणुकीची बाब नव्हे. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी खाशाबांच्या कॉलेजच्या प्राचार्यांस स्वतःचे घर गहाण टाकावे लागले, आणि अर्जुन पुरस्कार खाशाबांस मिळाला तो मरणोत्तर. खुराक, इनाम आणि आश्रय ही लोकांच्या कौतुकामागून चालत येतात. कौतुक केवळ देहाच्या आकाराचे झाले, तर खेड्यातील हलक्या अंगाचा, पण चपळ आणि डावपेचांत निपुण असा मुलगा वेळीच तालीम सोडून देतो. गदा जड मल्लाच्या खांद्यावर शोभो; परंतु श्रेष्ठत्वाचा निवाडा करताना तागडीबरोबर विवेकही हाती असावा.