ग्रामसभेत नेमकं काय ठरलं होतं? रेकॉर्डिंगमधून ते वाक्य असं शोधा

समजा, साकोली तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभा झाली. धानाला पाणी पुरावं म्हणून मामा तलावातला गाळ काढायचा, असं सगळ्यांसमोर ठरलं. पण प्रोसिडिंग वहीत लिहिलंय फक्त 'तलावाबाबत चर्चा झाली'. आता काय कराल?

कुणी मोबाईलवर सभा रेकॉर्ड केली असेल तर पुरावा आहे. पण दोन तासांचं रेकॉर्डिंग परत कोण ऐकणार? हवं ते वाक्य मिनिटभरात सापडलं, तरच त्याचा उपयोग. इथे कॉम्प्युटर कामी येतो.

'सभासार' काय आहे?

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 14 ऑगस्ट 2025 रोजी 'सभासार' हे एआय टूल सुरू केलं. पंचायतीने ई-ग्रामस्वराजच्या लॉगिनने सभेचा ऑडिओ किंवा व्हिडिओ अपलोड केला, की त्यावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो. भाषेचं काम सरकारचा 'भाषिणी' प्लॅटफॉर्म करतो. मराठीही त्यात आहे.

अशी टूल्स कशी चालतात?

1. आवाजाचे छोटे तुकडे करून त्यांचा मजकूर बनवला जातो. प्रत्येक तुकड्याची वेळही नोंदवली जाते.
2. काही टूल्स आवाज ओळखून 'वक्ता 1', 'वक्ता 2' असे वेगळे करतात. नावं मात्र आपणच टाकायची.
3. लँग्वेज मॉडेल त्या मजकुराचा सारांश काढतं.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती वेळ. मजकुरात 'गाळ' सर्च केलं की समजतं, हा विषय 1 तास 12 मिनिटांवर निघाला होता. मग थेट तिथूनच ऐकायचं.

मशीन कुठे चुकतं?

मॉडेल बहुतेक प्रमाण मराठीवर शिकलेलं असतं. आपल्या झाडीबोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं. त्यात पंख्याचा आवाज आणि चार जण एकदम बोलणारे! मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आपल्याला माहीत आहे; भाषांतर करताना मशीन त्याला कुणाच्या तरी मामाचा तलाव करू शकतं. आकडे आणि 'नाही' हा शब्द तर नक्की तपासा. एक 'नाही' गळला की ठराव उलटा होतो. सारांशात विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही गळू शकतं.

तुम्ही काय करू शकता?

- रेकॉर्डिंग सुरू आहे हे सभेला आधीच सांगा.
- फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही. बोलणाऱ्यांच्या जवळ ठेवा.
- 32 केबीपीएसवर दोन तासांची फाईल साधारण 29 एमबी होते. 16 किलोहर्ट्झच्या मोनो वेव्ह फाईलला सुमारे 230 एमबी लागतात.
- ठराव झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मशीनलाही स्पष्ट ऐकू येईल, लोकांनाही.
- मूळ ऑडिओ डिलीट करू नका.

पुढच्या सभेत पहिलाच विषय बहुतेक 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. आपण तेव्हाच चहा घ्यायला बाहेर जातो! त्या दिवशी मात्र जागेवर बसा आणि मोबाईलवर ते 1 तास 12 मिनिटांचं वाक्य तयार ठेवा. नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करून घ्यायची वेळ तीच आहे.