बिनव्याजी हप्ता – खरंच बिनव्याजी?

ओट्याची फरशी तडकली आहे, सिंक गळतंय, आणि दुकानदार म्हणतो, "वहिनी, क्रेडिट कार्डावर घ्या. बारा हप्ते, व्याज शून्य!" मोह पडणारच. पण मैत्रिणींनो, हो म्हणण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच; ते बहुधा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडूनच घेतलं जातं. म्हणून आधी विचारा, "रोख दिले तर किती कमी कराल?" ६०,००० चा माल रोखीने ५७,००० ला मिळत असेल, तर ते ३,००० म्हणजेच तुमचं व्याज! शिवाय बँक हिशेबात जे व्याज दाखवते, त्यावर १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा. व्याज ४,००० दाखवलं, तर ७२० रुपये गेले.

गवंडी आणि प्लंबर मजुरी रोख मागतात. त्यासाठी कार्डावरून पैसे काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. मजुरीची तजवीज आधी, फरशी उखडणं मग.

बिल आलं की "किमान रक्कम" भरून स्वस्थ बसू नका. राहिलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांना महिन्याला पावणेचार टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

वाणसामान, दूध, मुलांची फी वजा जाता जे उरेल, त्याच्या निम्म्यात हप्ता बसतोय? मग खुशाल घ्या. नव्या ओट्यावरचा पहिला चहा निश्चिंत मनाने प्यायला हवा, नाही का?