हाताच्या मापाचा कीबोर्ड

टेबलावर दोन तुकडे ठेवलेले असतात. प्रत्येक तुकडा साधारण पसरलेल्या पंजाएवढा, त्यावर एकवीस बटणं, आणि दोन्ही तुकड्यांना जोडणारी, जुन्या इअरफोनला असायची तसल्या पिनेची एक केबल. आकड्यांची ओळ नाही, लांबलचक स्पेसबार नाही. बटणांवर अनेकदा अक्षरंही छापलेली नसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कीबोर्ड पडून मधोमध मोडला असावा.

तो मोडलेला नसतो. कोणीतरी दोन-तीन संध्याकाळी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसून तो जोडलेला असतो. या ४२ बटणांच्या कीबोर्डचं नाव ‘कॉर्न’. जपानमधल्या ‘फूस्तान’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनाकाराने २०१८ साली त्याचा आराखडा तयार केला आणि कोणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा, अशा खुल्या परवान्याखाली तो जगाला देऊन टाकला. तेव्हापासून या आराखड्यावरून देशोदेशीच्या हौशी मंडळींनी आपापले कीबोर्ड बनवले. मुळातला कीबोर्ड यंत्राच्या सोयीने घडला होता. तो माणसाच्या हाताच्या सोयीने पुन्हा घडवायचा, एवढ्या एका ध्यासाने ही मंडळी एकत्र आली आहेत.

तिरप्या ओळींचं मूळ

लॅपटॉपवरच्या क्यू, ए आणि झेड या तीन बटणांकडे नीट पाहिलं, तर ती एका सरळ रेषेत नसल्याचं दिसतं. ए हे क्यूपेक्षा पाव बटण उजवीकडे सरकलेलं असतं आणि झेड हे एपेक्षा अर्धं बटण. याचं कारण आपल्या हातात नाही, टाइपरायटरच्या पोटात आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले वृत्तपत्र संपादक क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी साथीदारांसह १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने बनवलेलं ते यंत्र बाजारात आलं. त्यात प्रत्येक बटणाखालून एक दांडा मागे जात असे. चारही ओळींचे दांडे एकमेकांना न घासता शेजारून जायचे, तर एका ओळीतली बटणं दुसऱ्या ओळीच्या बरोबर खाली ठेवून चालणार नव्हतं. म्हणून ओळी सरकवल्या गेल्या. गोदरेजने १९५५ साली मुंबईत देशी बनावटीचा टाइपरायटर आणला, तोही याच घडणीचा. गावोगावच्या टंकलेखन संस्थांमध्ये ए-एस-डी-एफ घोटून घोटून पिढ्यान्‌पिढ्यांनी आपली बोटं त्या तिरपेपणाला जुळवून घेतली. पुढे दांडे गेले, संगणक आले, तरी ओळी होत्या तिथेच राहिल्या.

सरळ, अखंड कीबोर्डची दुसरी अडचण मनगटाची आहे. दोन खांद्यांमधलं अंतर मोठं आणि अक्षरांचा पट्टा त्याहून बराच अरुंद. त्यामुळे दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. तळवे पूर्ण पालथे ठेवायचे म्हटलं की कोपरापुढचा हातही पिळला जातो. शिवाय कामाची वाटणी विषम. एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट ही जड कामं करंगळीकडे, आणि हाताचं सगळ्यांत बळकट बोट, म्हणजे अंगठा, दोघांत मिळून एकट्या स्पेसबारवर.

हे दुखणं आज लक्षात आलेलं नाही. जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ सालीच टाइपरायटरची बटणं दोन हातांसाठी वेगळी करण्याची सूचना केली होती. कार्ल क्रोमर यांनी १९७२ साली दुभंगलेल्या, बाजूला उतरत्या कीबोर्डवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये टंकलेखन शिकवणाऱ्या लिलियन माल्ट आणि अभियंते स्टीफन हॉबडे यांनी १९७०च्या दशकात ‘माल्ट्रॉन’ घडवला. त्यात बटणं वाडग्यासारख्या खोलगट जागेत बसवली होती आणि अंगठ्यांना स्वतंत्र बटणं दिली होती. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कायनेसिस कंपनीने याच धर्तीचा कीबोर्ड आणला आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘नॅचरल’ कीबोर्डने मधून फाकलेला आकार सर्वसामान्य कार्यालयांत पोहोचवला.

अशा कीबोर्डने दुखणं बरं होतं का? १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात-मनगटाचा त्रास असलेल्या ८० जणांना चार प्रकारचे कीबोर्ड सहा महिने वापरायला दिले होते. त्यांपैकी मायक्रोसॉफ्ट नॅचरल वापरणाऱ्यांच्या वेदना कमी होण्याकडे कल दिसला. सगळ्याच पर्यायी कीबोर्डच्या बाबतीत मात्र तसं दिसलं नाही. मनगटातली नस दबण्याच्या विकारावर असे कीबोर्ड गुणकारी आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१२ च्या कोक्रेन आढाव्यातही निघाला. म्हणजे हा कीबोर्ड औषध नव्हे. ज्याच्या हाताला मुंग्या येतात, त्याने आधी डॉक्टरकडेच जायला हवं. मात्र मनगट सरळ राहतं आणि हात खांद्याइतके लांब ठेवता येतात, हे पहिल्याच दिवशी जाणवतं.

एकाचा आराखडा, अनेकांचे हात

कंपन्यांच्या कीबोर्डना एक मर्यादा होती: हात कोणाचाही असो, माप एकच. ती मर्यादा २०११-१२ च्या सुमारास हौशी लोकांनी ओलांडली. ‘एर्गोडॉक्स’ नावाचा, दोन पूर्ण वेगळ्या तुकड्यांचा कीबोर्ड त्यांनी आपापसांत चर्चा करून आखला आणि आराखडा खुला ठेवला. कवच, प्लेट, बटणांच्या टोप्या एकट्यासाठी बनवून घेणं परवडत नाही, म्हणून शेकडो जणांनी मिळून सामूहिक खरेदी केली. घरी आलेल्या पाकिटात सुटे भाग असत. जोडणी ज्याची त्याने करायची. २०१५ मध्ये लोकवर्गणीतून त्याची तयार जोडलेली आवृत्ती निघाली आणि सोल्डरिंगला बिचकणाऱ्यांनाही दार उघडलं.

एर्गोडॉक्सने तिरप्या ओळी टाकून दिल्या आणि उभे स्तंभ आणले. मधलं बोट सर्वांत लांब, म्हणून त्याचा स्तंभ वर. करंगळी आखूड, म्हणून तिचा खाली. बोट फक्त पुढे-मागे हलतं, आडवं धावत नाही.

पुढची मंडळी या कल्पना घेऊन आणखी लहान मापाकडे गेली. ‘लेट्स स्प्लिट’ हा ४८ बटणांचा कीबोर्ड आला. त्यावरून जपानमध्ये ‘हेलिक्स’ सुचला आणि हेलिक्सवरून ‘कॉर्न’. प्रत्येक जण आधीच्याचं ऋण उघडपणे मानतो आणि आपलाही आराखडा पुढच्यासाठी ठेवतो. जपानमध्ये तर स्वतः बनवलेल्या कीबोर्डना ‘जिसाकु’ असं नावच पडलं आहे. टोकियोत अकिहाबाराजवळ २०१९ मध्ये ‘युशाकोबो’ हे केवळ अशा कीबोर्डच्या सुट्या भागांचं दुकान सुरू झालं. सामान घेऊन तिथेच बसून सोल्डरिंग करता येईल, अशी जागाही तिथे आहे.

काहींना सपाट पट्टीही मान्य नव्हती. अमेरिकेत मॅट ॲडरेथ यांनी ‘डॅक्टिल’ हा खोलगट कीबोर्ड चक्क संगणकाच्या भाषेत, क्लोजरमध्ये, लिहिला. बोट किती लांब, वक्रता किती, हे आकडे बदलले की आकृती बदलते आणि थ्रीडी प्रिंटर तसाच साचा काढून देतो. शिंप्याने माप घ्यावं, तसं इथे बोटांचं माप घेतलं जातं.

दोन-तीन संध्याकाळींचं काम

कॉर्नची जोडणी सुरू होते ती पीसीबीपासून, म्हणजे तांब्याच्या रेघा असलेल्या पातळ सर्किट बोर्डापासून. २१ बटणांना २१ वेगळ्या तारा लागतील असं वाटतं, पण लागतात फक्त दहा. बटणं चार ओळी आणि सहा स्तंभ अशा जाळीत बसवलेली असतात. आतली चिप एकेका ओळीला क्रमाने हाक मारत जाते आणि कोणत्या स्तंभातून उत्तर आलं ते पाहते. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. तीन-चार बटणं एकदम दाबली तर वीज उलट्या वाटेने फिरून न दाबलेलं बटण दाबल्याचा भास होऊ शकतो. ते टाळायला प्रत्येक बटणाला एक डायोड लावतात, जो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. पूर्ण कीबोर्डसाठी असे ४२ डायोड लागतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याहून लहान. चिमट्याने उचलून, अंगावरची बारीक रेघ योग्य बाजूला आहे ना हे बघून, एकेक डकवायचा. एक उलटा लागला की ते बटण मुकं.

कथिल आणि शिशाची ६३:३७ ही मिश्रधातूची तार १८३ अंश सेल्सियसला वितळते. नवशिक्याची चूक बहुधा ठरलेली: तो आयर्नवर तार वितळवून ती थेंबासारखी टेकवतो. आधी जागा तापवावी आणि तार त्या तापलेल्या जागेला लावावी, मग धातू आपोआप पसरतो. अनुभवी मंडळी नव्यांना आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात. दोन तुकड्यांमधली केबल यूएसबी चालू असताना काढायची किंवा लावायची नाही. ती पिन आत सरकताना वेगवेगळ्या पट्ट्यांना एकदम टेकते, शॉर्ट होतं आणि चिप जळू शकते.

मग स्विच. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचचा साचा या दुनियेत प्रमाण मानला जातो. बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं, पण दोन मिलिमीटरलाच अक्षर उमटतं. लाल दांड्याचा सरळ आणि हलका, तपकिरी दांड्याचा मध्येच बारीक अडथळा देणारा, निळ्याचा टकटक वाजणारा. पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी याच मापाचे असंख्य प्रकार काढले आणि निवड हाच एक छंद होऊन बसला.

थर आणि अक्षरं

४२ बटणांत आकडे, कंस, बाण कुठे मावतात? ते थरांत असतात. अंगठ्याखालचं एक बटण दाबून ठेवलं की अक्षरांच्या जागी आकडे येतात, दुसरं दाबलं की चिन्हं. ही करामत ‘क्यूएमके’ या खुल्या फर्मवेअरची. हासू या जपानी प्रोग्रामरच्या ‘टीएमके’वर जॅक हंबर्ट यांनी ते उभारलं आणि पुढे असंख्य लोकांनी वाढवलं. एकच बटण टिचकी मारली तर ए आणि दाबून धरलं तर कंट्रोल, असंही करता येतं. टिचकी कुठे संपते आणि दाबणं कुठे सुरू होतं, याची क्यूएमकेतली मूळ मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. ज्याची बोटं जलद चालतात, तो ती कमी करतो.

सुरुवातीला वेग पार कोसळतो. वर्षानुवर्षं बी हे अक्षर उजव्या हाताने मारणाऱ्याला कळतं की ते तर डाव्या तुकड्यावर आहे. काही आठवडे चिकाटी ठेवली की बोटं नवी वाट धरतात.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी इथे एक सुंदर योग जुळून येतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली पुढे आणलेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली इनस्क्रिप्ट ही मांडणी मुळातच दोन हातांत वाटलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. म, न, व असे मोजके अपवाद सोडले तर व्यंजनं उजव्या हाताला. ‘मराठी’ हा शब्द लिहिताना म डावीकडे, र उजवीकडे, काना डावीकडे, ठ उजवीकडे, दीर्घ वेलांटी पुन्हा डावीकडे. दोन्ही हात आळीपाळीने चालतात. दुभंगलेल्या कीबोर्डवर एक तुकडा जवळपास स्वरांचा आणि दुसरा जवळपास व्यंजनांचा होऊन जातो.

त्यासाठी कीबोर्डला मराठी शिकवावी लागत नाही. कीबोर्ड संगणकाकडे अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. के या बटणाचा क्रमांक १४. त्याचा इंग्रजी के करायचा की मराठी क, हे संगणकातली भाषेची निवड ठरवते.

अडचण येते ती कडेच्या बटणांची. इनस्क्रिप्टमध्ये ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्राचा काना उजव्या टोकाच्या तिरप्या रेघेच्या बटणावर आहे, ‘कृती’मधला ऋकार बरोबरच्या चिन्हावर, ‘बॅट’मधला अर्धचंद्र शिफ्ट आणि २ वर. ही बटणं कॉर्नवर नाहीतच. विकत घेतलेल्या कीबोर्डवर इथे माघार घ्यावी लागली असती. क्यूएमकेमध्ये मात्र शिफ्ट आणि २ हे दोन्ही मिळून एका बटणावर ठेवता येतात, आणि ते बटण अंगठ्याच्या थरात, तर्जनीखाली आणता येतं. एका ओळीचा बदल, फर्मवेअर पुन्हा भरायचं, आणि मराठी लिहिणाऱ्याचा स्वतःचा थर तयार.

आता त्या पीसीबीकडे पुन्हा वळायला हवं. बोर्ड छापून देणारे कारखाने सहसा पाचपेक्षा कमी नग घेत नाहीत. कॉर्नच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डाव्या-उजव्या तुकड्यांसाठी एकच बोर्ड आहे; पालथा केला की डाव्याचा उजवा होतो. पाचांतून दोन कीबोर्ड होतात. एक बनवणाऱ्याचा, दुसरा बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरून हे सगळं कुतूहलाने पाहणाऱ्या मित्राचा. पाचवा बोर्ड उरतो. तो खणात ठेवून दिला जातो, आणि दुसऱ्या कोणाकडे असाच एक उरलेला आहे असं कळलं, की त्या दोहोंतून तिसऱ्याच कोणाचा तरी कीबोर्ड सुरू होतो.